कोऱ्या रकान्याखालची सही

माझं अक्षर चांगलं आहे. या गोष्टीचा मला आता आनंद होत नाही, पण सुरुवात तिथूनच करावी लागेल.

अब्बा वरोऱ्यात पाट्या रंगवायचे. किराणा दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कापसाच्या जिनिंगच्या फाटकावरच्या. घरात आम्ही हिंदीत बोलायचो, पण मराठी अक्षरं मी शाळेआधी अब्बांच्या टिनाच्या पत्र्यावर शिकले. खडूने दोन रेघा ओढायच्या आणि अक्षर त्या रेघांत असं बसवायचं की लांबून बसने जाणाऱ्याला वाचता यावं. पुढे डी.एड. झालं, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी अहेरी तालुक्यातल्या एका जंगलगावात प्राथमिक शिक्षिका म्हणून रुजू झाले. कुणाला कळलं नाही मी कशी शिकवते, पण पहिल्या महिन्यातच सगळ्यांना कळलं की माझं अक्षर चांगलं आहे.

आमच्या भागातल्या दहा-बारा शाळांचं मिळून एक केंद्र होतं. महिन्यातून एकदा सगळे शिक्षक अहेरीतल्या केंद्रशाळेत जमायचे. माहितीचे तक्ते, मागणीपत्रं, हमीपत्रं, असे नाना कागद त्या दिवशी द्यायचे असत. पण लांबच्या गावांना जाणारी शेवटची बस दुपारी निघायची. ती चुकली की जंगलातून सायकल, नाहीतर अहेरीतच मुक्काम. म्हणून एक रीत पडली होती. कोरे कागद आधी सह्या करून द्यायचे आणि बस पकडायची. मजकूर नंतर ज्याचं अक्षर चांगलं त्याने भरायचा. त्यात फसवणूक आहे असं कुणालाच वाटत नसे. सगळ्यांचा मजकूर जवळपास सारखाच असायचा. मी गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. बावीस जणांच्या कोऱ्या सह्या माझ्यासमोर ठेवून लोक निघून जायचे, आणि मी एकटी केंद्रशाळेच्या लाकडी बाकावर बसून बावीस जणांच्या वतीने लिहीत राहायचे.

आमच्या शाळेत दोनच शिक्षक होतो. मी, आणि माझ्याहून सतरा वर्षांनी मोठ्या असलेल्या बाई. गावातले, पोरं, केंद्रातले, सगळे त्यांना बाईच म्हणत, आणि मीही. त्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाकडच्या. घरची धानाची शेती, ती भाऊ बघायचे. यजमान लग्नानंतर चार वर्षांतच गेले होते, मूलबाळ नव्हतं. अहेरीत त्यांनी एक खोली भाड्याने घेतली होती आणि मी आल्यावर अर्धी मला दिली. दर दिवाळीनंतर त्या घरून तांदळाचं पोतं आणायच्या आणि ते आम्हा दोघींना होळी उलटेपर्यंत पुरायचं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "घरी तुमी हिंदी बोलता, शाळेत मराठी शिकवतं, पोट्टे गोंडी बोलतेत. मंग तू सपन कोन्त्या भाषेत पाह्यतं वो?"

मी म्हटलं, "बाई, मला स्वप्नंच पडत नाहीत."

"पडतीन," त्या म्हणाल्या. "इथी राह्य दोन-चार वर्षं."

शाळा म्हणजे एकच लांब खोली होती, मधोमध बांबूचा कूड घातलेला. अलीकडे माझी तिसरी-चौथी, पलीकडे बाईंची पहिली-दुसरी. बाईंचा आवाज मोठा होता. पाढे, गाणी, रागावणं, सगळं कुडातून माझ्या वर्गात यायचं. माझी पोरं अधूनमधून त्यांच्याच प्रश्नांना उत्तरं द्यायची.

मग एका जूनमध्ये पहिलीत एक मुलगी आली. बोलत नव्हती. त्यात विशेष काही नव्हतं, कारण पहिलीतली गोंडी बोलणारी पोरं पहिले सहा महिने आमच्याशी बोलत नसतच. बाईंना गोंडी कामापुरती यायची. त्या म्हणायच्या, "एर म्हनलं का पानी मागते, येवढं समजलं का पहिली निभते." पण ही मुलगी गोंडीतही बोलेना. ऑगस्टच्या सुमारास बाईंनी एकदा तिच्या पाठीमागे जाऊन खिचडीची स्टीलची ताटली फरशीवर पाडली. सगळी पोरं दचकून वळली. ती समोर बघत राहिली. बाई ताटली उचलून बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मी कुडाच्या फटीतून पाहिलं होतं.

आई-बापांना माहीत होतं. आई म्हणाली, "तिले देवानं तसंच धाडलं, बाई. घरी राह्यन्यापरिस शाळेत बसते, दोन घास खाते." केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, पटावर आहे ना, हजेरी आहे ना, मग झालं. चंद्रपूरला मुक्या-बहिऱ्यांची निवासी शाळा होती. बाईंनी तीही सुचवून पाहिली. बापाने दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर मुलीला शाळेतच पाठवलं नाही. त्याला वाटलं, मुलगी घेऊन जातील. बाई स्वतः घरी जाऊन, अंगणात बसून, पुन्हा असं बोलणार नाही म्हणून सांगून तिला परत घेऊन आल्या.

त्यानंतर त्यांचा आवाज बदलला. आधी वाढला. त्या मुलीसमोर ओरडून बोलायच्या, जणू आवाज पुरेसा मोठा झाला तर कुठून तरी आत शिरेल. मग एक दिवस बसमध्ये मला म्हणाल्या, "मी येडी हावो. भिंतीले ओरडून राह्यली. मले शिकवाच येत नाई येवढं समजत नवतं काय? सव्वीस वर्षं झाली नोकरीले."

मी म्हटलं, "बाई, आपल्याला हे कुणी शिकवलंच नाही."

"नाई ना शिकवलं," त्या म्हणाल्या. "तेच तं म्हनून राह्यली."

आम्हाला प्रशिक्षणं कमी नव्हती. दरवर्षी उन्हाळ्यात एक, दिवाळीआधी एक. वर कुणीतरी विषय ठरवायचं, पुण्याहून नागपूरला, नागपूरहून गडचिरोलीला, तिथून आमच्याकडे तो पाझरत यायचा. आमच्यापर्यंत येईस्तोवर त्यात चहा आणि हजेरीपट एवढंच उरलेलं असे. तुम्हाला काय शिकायचं आहे, हे मला माझ्या नोकरीत तोवर कुणी विचारलं नव्हतं. बाईंना तर नाहीच.

म्हणूनच त्या हिवाळ्यात तो फॉर्म आला तेव्हा केंद्रात बरीच करमणूक झाली. कुठल्याशा संस्थेने शिक्षकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम काढले होते. अहेरीत एक कॉम्प्युटर सेंटर होतं, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि रेल्वे आरक्षण असं सगळं करणारं. तिथे आठवड्यातून दोनदा जाऊन, पडद्यावर धडा पाहून, प्रश्नांची उत्तरं पाठवायची. तीन महिने. फॉर्मवर अकरा विषय छापले होते आणि खाली एक रकाना होता : यांपैकी आपल्याला कोणता विषय शिकायला आवडेल? एक निवडा.

"आवडंल," एक म्हातारे गुरुजी चष्मा वर करून म्हणाले. "पाहा बापा, आता सरकारले आपली आवड पाह्यजे."

दुसरे म्हणाले, "ऑनलाइन म्हंते. आपल्याकडे लाइन राह्यते कुठी? दिवसाचे बारा तास तं लोडशेडिंग हाय."

"लाइन असंल तवा शिकजो, नसंल तवा इसरजो."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या फॉर्म डोळ्यांजवळ धरून एकेक विषय वाचत होत्या. नववा विषय होता : ऐकू न येणाऱ्या मुलांसोबत वर्गात काम.

फॉर्म पुढच्या बैठकीत द्यायचे होते. आदल्या संध्याकाळी खोलीवर त्या भात लावत होत्या, मी भाजी चिरत होते. त्या म्हणाल्या, "मी नववं घेतो."

मी म्हटलं, "त्यात पाच-पाच दिवस तीनदा चंद्रपूरला जायचं आहे, बाई. खाली बारीक अक्षरात लिहिलंय."

"जाईन ना. चंद्रपूर काय लंकेत हाय?"

"आणि लोक म्हणतात, ज्यांनी तो विषय घेतला त्यांना फिरते शिक्षक करतील. गडचिरोलीला जिल्ह्याच्या ठिकाणी बसवतील, तिथून शाळाशाळांत पाठवतील."

"लोक काईबी म्हंतेत." त्यांनी झाकण काढून भात बोटाने दाबून पाहिला. "अन् केलं तं केलं. पोरगीले घेऊन जातो म्हंजे झालं."

ते त्यांनी हसत म्हटलं होतं. मला मात्र त्या क्षणी ती खोली दिसली, अर्धी रिकामी झालेली. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. घरी माझ्या लग्नाचं बोलणं दोनदा ठरून मोडलं होतं. बसमध्ये, शाळेत, बाजारात, जेवताना, माझ्या बाजूला नऊ वर्षं एकच माणूस होतं. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मी ते स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते. मी भाजी चिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी बैठक लवकर आटोपली. अहेरीचा आठवडी बाजार होता. सगळ्यांनी कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या. बाईंनीही केली, आणि पिशवी घेऊन उठल्या. "माह्यं तुले मालूमच हाय," त्या मला म्हणाल्या. "मी बाजार करून घेतो. वांगे आनू का चवळी?"

मी म्हटलं, "चवळी."

केंद्रप्रमुख साहेब टेबलाशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. ते मला म्हणाले, "मॅडम, बहुतेकांचं संगणक परिचय टाका. एकाच वेळी एकाच सेंटरवर बसवता येईल. कोणाचं खास काही असेल तर टाका तसं, माझी हरकत नाही."

हे शेवटचं वाक्य ते बोलले होते. मी पुढे पुष्कळदा मनाशी म्हणून पाहिलं की ते बोलले नसतील. पण ते बोलले होते.

मी एकेक फॉर्म ओढत गेले. नाव, शाळा, पद, सेवेची वर्षं. निवडलेला विषय : संगणक परिचय. संगणक परिचय. अठरावा की एकोणिसावा फॉर्म बाईंचा निघाला. माझा हात थांबलासुद्धा नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण थांबला. मी पेन खाली ठेवलं, पाणी प्यायले, परत येऊन बसले. मग रकान्यात लिहिलं : संगणक परिचय. रेघेत, एकसारखं, सुंदर. खाली बाईंची सही होती, किंचित उजवीकडे कललेली, पोरांच्या वहीवर असते तशी.

अब्बांकडे एकदा एक गिऱ्हाईक फारच बेढब मजकूर घेऊन आलं होतं. मी लहान होते. मी म्हटलं, अब्बा, याच्यापेक्षा चांगलं लिहिता येईल. ते ब्रश पुसत म्हणाले, "बोर्ड उसका है, बेटा. हाथ अपना, बात उसकी." एवढी एकच गोष्ट त्यांनी मला धंद्याची म्हणून शिकवली असेल. खोलीवर परत जाताना ती मला आठवली होती. तरी मी परत फिरले नाही. साहेब अजून तिथेच असणार होते, फॉर्म अजून टेबलावरच असणार होते. बाईंनी चवळी आणली होती. आम्ही ती निवडली.

महिन्याभराने यादी लागली. बाईंच्या नावापुढे संगणक परिचय होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "ज्यायले आयकू येते तेच आयकत नाई, तं माह्या पोरीचा काय गुन्हा?"

मी म्हटलं, "ऑफिसने सगळ्यांना एकच दिलं असेल."

"असंल," त्या म्हणाल्या.

तीन महिने आम्ही त्या सेंटरवर गेलो. शेजारी शेजारी खुर्च्या होत्या. मला हवं होतं ते मिळालं होतं. बाई एका बोटाने, ओठ घट्ट मिटून, कीबोर्डवरची अक्षरं शोधायच्या. एकदा धडा संपवून त्यांनी सेंटरच्या मालकाला विचारलं, "भाऊ, याच्यात बहिऱ्या पोरायले कसं शिकवाचं ते कुठी लिवलं हाय काय, पाहा ना जरासक." त्याने शोधून दिलं. सगळं इंग्रजीत निघालं. बाई माझ्याकडे वळल्या. "तुले येते ना इंग्रजी. वाच बरं."

मी वाचायला लागले. पहिल्या दोन ओळी सांगितल्या आणि थांबले. त्यांना त्या विषयाजवळ नेणारी प्रत्येक ओळ त्या फॉर्मजवळही नेत होती, असं मला वाटलं. मी म्हटलं, "काही विशेष नाही, बाई. आपल्या कामाचं नाही." तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टरवर फक्त मालकाचा संगणक चालायचा. बाईंनी काळ्या पडद्यासमोरून पर्स उचलली. त्यांनी मला पुन्हा वाचायला सांगितलं नाही.

त्या स्वतःच शिकायला लागल्या. कुणाकडून, ते मला माहीत नाही. बहुतेक त्या मुलीकडूनच. मला कुडाच्या अलीकडून एवढंच कळलं की पलीकडचा आवाज हळूहळू कमी होत चालला आहे. गाणी राहिली, रागावणं कमी झालं, आणि दुपारच्या वेळी, बाकीची पोरं पाटीवर काही लिहीत असताना, पलीकडे पूर्ण शांतता असायची. त्या शांततेत दोघी काहीतरी करत असायच्या. हातांनी, तोंडांनी, असं मला वाटायचं. मला पाहायला जायचा धीर झाला नाही. मुलगी दुसरीत गेली. आणखी एक पावसाळा गेला. ती तिसरीत, म्हणजे माझ्या वर्गात यायची वेळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, "हिले इथीच राहू दे माह्याजवळ. तुह्याकडे नाव असू दे." मी हो म्हटलं.

त्याच सुमारास एका सोमवारी मी शाळेत पोहोचले तर बाई आपलं टेबल ओढत होत्या. वर्षानुवर्षं ते खिडकीला पाठ करून होतं. त्यांनी ते समोरच्या भिंतीशी नेलं, अशा रीतीने की बसल्यावर खिडकीचा उजेड सरळ त्यांच्या चेहऱ्यावर यावा. पोरं उलटी बसवली. उन्हाळ्यात त्या खिडकीतून झळ यायची. मी म्हटलं, "बाई, डोळे जातील."

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं लागले मले हे समजाले. माह्यं तोंडच अंधारात होतं."

कशाबद्दल म्हणताहेत ते मला तेव्हा नीट कळलं नाही. विचारलंही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्या सावलीला गेल्या. जाताना डब्यातला उरलेला तांदूळ मला दाखवला, म्हणाल्या, "आठ दिवस पुरंल. मंग नवा आनतो." त्यांना ताप आला. आधी गावातल्या डॉक्टरचं औषध, मग चंद्रपूरचा दवाखाना. नवव्या दिवशी गेल्या. त्यांच्या भावाचा फोन मला आला तेव्हा मी वरोऱ्याहून परत येऊन खोली झाडत होते. धानाची कापणी चालू होती म्हणून सगळे शेतात होते, ताप कुणी फारसा मनावर घेतला नाही, असं ते फोनवर परत परत सांगत होते. मी ऐकत होते. माझ्या एका हातात झाडू होता.

शाळा सुरू झाली. बदली शिक्षक यायला तीन महिने लागले. तोवर चारही वर्ग मीच सांभाळले, पण कूड कुणी काढला नाही. दुपारी मी अलीकडे असले की पलीकडे शांतता असायची. ती तीच शांतता होती. बाई असतानाची आणि बाई नसतानाची, यांत आवाजाने काही फरक कळत नव्हता. माणूस गेल्यावर त्याचा आवाज ऐकू येतो असं लोक सांगतात. मला आवाज कधीच आला नाही. मला फक्त पलीकडे त्या आहेत असं वाटायचं, आणि नाहीत याची खात्री करायला उठून जावं लागायचं. दिवसातून तीनदा, चारदा. तिथे ती मुलगी त्या टेबलासमोर बसलेली असायची, टेबलावर पडलेल्या उजेडाकडे बघत. मी दिसले की तिची नजर माझ्या चेहऱ्यावर यायची, क्षणभर थांबायची आणि परत जायची.

डिसेंबरात बाईंचे भाऊ सामान न्यायला आले. एक पेटी, एक गादी, भांडी. ते म्हणाले, "तुमीच काढून द्या, ताई. मले पाह्यवत नाई." मी पेटी उघडली. वर साड्या होत्या. तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीत, सेवेचे कागद. त्यांत संगणक परिचयाचं प्रमाणपत्र होतं, आणि त्याला टाचलेली मूळ फॉर्मची झेरॉक्स.

मला माझीही तशीच आली होती. मी ती पाहिली नव्हती, प्रमाणपत्रासकट कपाटात टाकली होती. बाईंनी पाहिली होती. त्या रकान्याखाली, संगणक परिचय या अक्षरांखाली, पेन्सिलने एक बारीक रेघ होती. पोरांच्या वहीत चूक सापडली की त्या अशीच रेघ मारायच्या. शेरा लिहायच्या नाहीत. फक्त रेघ.

माझं अक्षर त्यांनी कुठेही ओळखलं असतं. त्या गेल्या तेव्हा प्रमाणपत्रं येऊन वर्ष उलटून गेलं होतं. म्हणजे तेवढा सगळा काळ त्यांना माहीत होतं. त्या काळातली प्रत्येक संध्याकाळ मी मागे जाऊन तपासली आहे. कुठल्या दिवशी त्यांनी ते पाहिलं असेल, त्या दिवशी आम्ही काय जेवलो असू, त्या काय बोलल्या असतील. मला एकही दिवस वेगळा सापडत नाही. त्यांनी वाढलेल्या भातात फरक नव्हता. बोलण्यात नव्हता. रागावल्या असत्या तर मी रडले असते, पाया पडले असते, आणि मोकळी झाले असते. त्यांनी मला क्षमा केली होती की नुसतं ओळखून ठेवलं होतं, हे विचारायला आता कुणी नाही.

मी पेटी परत भरली. झेरॉक्सही तिथेच ठेवली. ती माझी नव्हती.

उन्हाळ्याआधी पुन्हा तो फॉर्म आला. लोक सह्या करून उठायला लागले तेव्हा मी म्हटलं, मी भरणार नाही, ज्याचा त्याने भरावा. बस चुकली म्हणून दोघं-तिघं माझ्यावर चिडले. म्हातारे गुरुजी म्हणाले, "काऊन वो पोरी, हात दुखून राह्यला काय?" मी म्हटलं, हो. त्यांनी मग बराच वेळ पेन हातात धरून त्या रकान्याकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "खरंच लिवू काय? मले नकाशे काढाले शिकाचं हाय." मी म्हटलं, लिहा. माझ्या फॉर्मवर मी नववा विषय लिहिला. बावीस जणांत आम्ही दोघांनीच संगणक सोडून काही लिहिलं असेल, आणि साहेबांनी कपाळाला आठीसुद्धा न घालता दोन्ही फॉर्म पुढे पाठवले. इतकं सोपं होतं ते.

पहिला धडा मी त्याच सेंटरवर पाहिला, एकटीने. पडद्यावर एक शिक्षिका उभी होती. ती म्हणाली, सगळ्यात आधी तुमची उभं राहायची जागा बदला. खिडकीला पाठ करू नका. तुमचा चेहरा उजेडात हवा, म्हणजे मुलाला तुमचे ओठ दिसतील.

पहिला धडा, पहिली दहा मिनिटं. बाईंना हे शोधायला दोन वर्षं लागली होती. मी त्यांचा अभ्यासक्रम काढून घेतला असं मी तोवर समजत होते. खरं म्हणजे मी त्या मुलीच्या पहिलीचा शेवट आणि अख्खी दुसरी काढून घेतली होती. दोन वर्षं ती एका काळ्या चेहऱ्यासमोर बसली होती, मागून उजेड येणाऱ्या. मी सेंटरमधून उठले. मालक म्हणाला, "मॅडम, धडा बाकी हाय." मी म्हटलं, येते.

त्या आठवड्यात शनिवारची सकाळची शाळा सुटली. बाकीची पोरं गेली, नवे शिक्षकही गेले. ती मुलगी नेहमीसारखी बाईंच्या वर्गात थोडी मागे राहिली होती, पाट्या एकावर एक रचत. मी बाईंच्या टेबलामागे जाऊन उभी राहिले. चारही वर्ग सांभाळत होते तेव्हाही तिथे मी कधी उभी राहिले नव्हते. ऊन माझ्या डोळ्यांत आलं. मी हाताने तिला बोलावलं. ती समोर आली.

मला हे कुणाला तरी सांगायचं होतं. केंद्रात सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, एवढं काय मनाला लावून घेता, मॅडम, फॉर्मच तर होता. घरी सांगितलं असतं तर त्यांना कळलंच नसतं. जिचं नुकसान झालं होतं ती समोर होती, आणि तिला ऐकू येत नव्हतं. मी हळू, तोंड नीट उघडून म्हटलं, "बाईंना तुझ्यासाठी शिकायचं होतं. ऑफिसने नाही म्हटलं नव्हतं. मी लिहिलं."

तिने माझ्या ओठांकडे पाहिलं. मग डोकं हलवलं. कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. पहिल्यापासून, तेवढंच हळू. दुसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फुटला. तिला ते कळायचं कारण नव्हतं, पण ओठ वाकडे झाले असतील, कारण तिने बोट वर करून मला थांबवलं आणि पुन्हा, अशी खूण केली.

मी तिसऱ्यांदा फक्त शेवटचे दोन शब्द म्हटले.

तेव्हा तिने ते परत केले. आवाज नव्हता. तिचे ओठ मिटले, उघडले, मागे ताणले गेले, माझे गेले होते तसेच. मी लिहिलं. बाईंनी तिला असं शिकवलं असावं, की समोरच्याने जे म्हटलं ते आधी आपल्या तोंडाने करून दाखवायचं आणि मग बरोबर आहे का ते त्याच्याकडून तपासून घ्यायचं. मला हे माहीत नव्हतं. कुडापलीकडच्या शांततेत दोघी काय करत, ते मी पहिल्यांदाच पाहत होते. तिला त्या शब्दांचा अर्थ कळला असेल असं मला वाटत नाही. तिने पुन्हा एकदा करून दाखवलं, जास्त नीट, आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघत थांबली.

बरोबर होतं. मी मान हलवली.